एका डॉजचा घसारा

वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याचा मला आजवर दोनदाच उपयोग झाला. एकदा बँकेत चिकटताना आणि दुसऱ्यांदा मामांच्या गाडीच्या भांडणात. पहिल्या उपयोगाचा दरमहा पगार मिळतो. दुसऱ्याचा फक्त चहा मिळाला, तोही मामीने रागाच्या भरात केलेला, म्हणजे बिनसाखरेचा.

मामा ठाण्याला नौपाड्यात राहतात. त्यांच्या तळमजल्याच्या घराला लागून एक पत्र्याची शेड आहे आणि त्या शेडमध्ये १९५६ सालची डॉज किंग्जवे आहे. ‘शेडमध्ये गाडी आहे’ हे आपलं म्हणायला. खरं म्हणजे गाडीवर शेड घातलेली आहे, डोक्याला टोपी घालावी तशी. सुमारे पाच मीटरांचा तो ऐवज. हल्लीची एखादी छोटी गाडी शेजारी येऊन थांबली, तर हिनेच ती नुकतीच उबवलीय की काय असं वाटतं. रंग पिस्त्याचा, छत सायीचं. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांड्यावरच. पुढच्या सलग सीटवर तीन माणसं ऐसपैस बसतात. लग्नसराईत पाच.

भांडण असं होतं. अमेरिकेहून, मिशिगन राज्यातून, सुट्टीवर आलेला माझा मामेभाऊ म्हणत होता, “आता ही गाडी जपून ठेवायची. झाकून, पुसून. रस्त्यावर काढायची नाही.” आणि मामा म्हणत होते, “गाडी चालवायची असते. मी भाजीला नेणार. स्टेशनवर नेणार. रोज नेणार.” शेवटी दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

“तू बी. कॉम. ना रे?” मामा म्हणाले. “मग हिशेब करून सांग.”

आता हिशेब म्हटला की मागच्या नोंदी काढाव्या लागतात. आमच्या शाखेत तीन महिन्यांपूर्वीचं व्हाउचर मागितलं तर सापडत नाही. इथे तर शंभर वर्षं मागे जायचं होतं. पण निवाडा देणाऱ्याने आधी कागद वाचावेत असा दंडक आहे. मी वाचले.

पहिली नोंद अमेरिकेतली. हेन्री फोर्डने १९०८ ते १९२७ अशी एकोणीस वर्षं मॉडेल टी नावाची एकच गाडी, थोडेफार फेरफार करत, दीड कोटींवर विकली. त्यातली बारा-एक वर्षं तर ती फक्त काळ्या रंगात मिळायची. फोर्डचं म्हणणं सरळ होतं : गाडी चालतेय ना, मग नवी कशाला? आपल्याकडचे सासरे जावयाला विचारतात तोच प्रश्न. जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांना मात्र तो पटला नाही. हे गृहस्थ १९२३ साली कंपनीचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी दरवर्षी गाडीचा चेहरामोहरा बदलायची पद्धत रूढ केली. आतलं यंत्र तेच, पण पुढची जाळी वेगळी, दिवे वेगळे. शेजाऱ्याने नवी गाडी आणली की आपली चांगली चालणारी गाडी दारात उभी असूनही जुनी झाली पाहिजे, हे त्यातलं मर्म. आणि खिशात पैसे नसले तर? त्याची सोय कंपनीने १९१९ सालीच स्वतःची कर्ज देणारी संस्था काढून करून ठेवली होती. म्हणजे आमचेच भाऊबंद. माणसाला नको ती वस्तू हवीशी वाटायला लावणारा एक, आणि तिचे हप्ते बांधून देणारा दुसरा. मी मान खाली घालून पुढचा कागद उलटला.

थोडक्यात, अमेरिकन सेडान जन्माला आली तीच मुळी दोन-तीन वर्षांनी टाकून देण्यासाठी. ती जपायची की वापरायची हा प्रश्न तिच्या पत्रिकेतच नव्हता.

दुसरी नोंद मुंबईची, आणि इथे पत्रिका फिरते. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. पेट्यांतून सुटे भाग यायचे आणि शेवरलेट होऊन बाहेर पडायचे. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी देशात झाल्या पाहिजेत, असा ध्यास घेतलेला हा सोलापूरचा माणूस. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार झाला आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या निघू लागल्या. पुढे १९५३ साली टॅरिफ कमिशनने सांगितलं, की नुसत्या पेट्या उघडून जोडकाम करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. ज्यांना इथे भाग बनवायचे असतील त्यांनीच राहावं. १९५४ साली शिवडीचा कारखाना बंद झाला. कुर्ला राहिलं.

कुर्ल्यात क्रायस्लरच्या गाड्यांचा एक गमतीदार प्रकार होता. डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट ही नावं तीन, पण अंग मूळ प्लिमथचंच. तोंड तेवढं निराळं. एकच मुलगी तीन साड्यांत तीन स्थळांना दाखवावी तसं. म्हणजे मामांची गाडी समोरून डॉज असली तरी पाठमोरी प्लिमथ आहे. मामीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “बरं झालं कळलं. मला वाटायचं माझाच चष्मा बदलायला झालाय.”

तिसरी नोंद घरची. माझे आजोबा, म्हणजे मामांचे वडील, त्या कुर्ल्याच्या कारखान्यात फिटर होते. दरवाजे बसवायचे. १९६९ साली त्यांनी प्रॉव्हिडंट फंडावर कर्ज काढून एका डॉक्टरांकडून ही किंग्जवे घेतली, आणि घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी डावीकडचा मागचा दरवाजा उघडून, लावून, परत उघडून जाहीर केलं, “हा मी बसवलेला.” कशावरून, ते त्यांना कुणी विचारलं नाही. त्या दरवाज्याचा आवाज बाकीच्या तिघांपेक्षा निराळा येतो एवढं खरं. बाकीचे आपटतात. हा नुसता ‘ठप्’ म्हणतो, वही मिटल्यासारखा. आजोबा गेले त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. मामा अजूनही त्या दरवाज्याने कुणाला उतरू देत नाहीत. आत बसायला मात्र देतात. कारण काय, तर बसल्यावर दरवाजा ते स्वतः लावतात.

तर एकाच जातीच्या गाड्यांचं जगात काय काय झालं ते पाहा. डिसोटो हे नाव क्रायस्लरने १९६० च्या नोव्हेंबरमध्ये बंद केलं, प्लिमथ २००१ साली. क्यूबात १९५९ ची क्रांती झाली, अमेरिकेचे निर्बंध आले, नव्या अमेरिकी गाड्या यायच्या थांबल्या, आणि हवानाच्या रस्त्यांवर पन्नाशीच्या दशकातल्या शेवरलेट आणि प्लिमथ नाइलाजाने रोज धावत राहिल्या. त्यांच्या पोटात रशियन किंवा डिझेल इंजिनं बसली, पण धावत राहिल्या. खुद्द अमेरिकेत याच्या उलट. २००९ च्या उन्हाळ्यात तिथल्या सरकारने योजना काढली : जुनी पेट्रोलखाऊ गाडी मोडीत द्या आणि नवी घेताना साडेतीन ते साडेचार हजार डॉलर सूट घ्या. सुमारे पावणेसात लाख गाड्या आल्या. त्यांची इंजिनं पुन्हा कुणी वापरू नयेत म्हणून तेल काढून आत सोडियम सिलिकेटचं पाणी ओतायचं आणि इंजिन आखडून मरेपर्यंत चालू ठेवायचं, असा लेखी नियम होता. हे वाचून झाल्यावर मी उठून शेडमध्ये जाऊन आलो. उगाचच.

“पण तिकडे जपणारेही आहेत,” मामेभाऊ म्हणाला. “आमच्या मिशिगनमध्ये जुन्या गाडीला ऐतिहासिक नंबर मिळतो. मग ती मिरवणुकीला, प्रदर्शनाला न्यायची. रोज नाही. फक्त ऑगस्टमध्ये कुठेही फिरवायला परवानगी.”

“ऑगस्टमध्येच का?” मामीने विचारलं.

“डेट्रॉइटजवळ वुडवर्ड अॅव्हेन्यूवर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो. १९९५ पासून.”

“म्हणजे श्रावण पाळतात,” मामी म्हणाली आणि आत गेली.

मामेभावाचा आग्रह होता की आपल्याकडेही आता तसाच नंबर घ्यावा. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने नियम केला : पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात ठेवलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. मात्र एकदा हा मान घेतला की गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शनाला न्यावी, रॅलीला न्यावी, दुरुस्तीला न्यावी आणि पेट्रोल भरायला न्यावी.

मामांनी नियम दोनदा वाचून घेतला. “म्हणजे पेट्रोल भरायला जाता येतं,” ते म्हणाले, “पण परत येताना कोथिंबीर घेतली की गुन्हा?”

“तसं नाही, बाबा...”

“ज्या गाडीत कोथिंबीर ठेवता येत नाही ती गाडी नव्हे. तो फोटो.”

इथपर्यंत माझा कल मामांकडे होता. पण हिशेबाला दोन बाजू असतात हे कॉलेजात चार वर्षं शिकवतात. (अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, मला चार लागली.) नावेची बाजू अशी : तीन वर्षांपूर्वी मामा गाडी घेऊन भाजी बाजारात गेले असताना पाठीवर खोका घेतलेल्या एका घाईतल्या मोटारसायकलने नेमका डावीकडचा मागचा दरवाजा चेपला. तळहाताएवढा पोचा. या दरवाज्याचा जोड जगात कुठे विकत मिळत नाही. मामा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवले, पण बोलले नाहीत.

जमेची बाजूही लिहायला हवी. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि मामांचं वय पासष्टच्या वर म्हणून गाडी सात महिने शेडमध्ये राहिली. झाकून, पुसून, अगदी मामेभावाला हवी तशी. ऑक्टोबरमध्ये कापड काढलं तेव्हा बॅटरी मेलेली होती. कार्बोरेटरात पेट्रोलचा डिंक झाला होता. ब्रेकची रबरं आखडून मागची चाकं धरली होती. टायर जमिनीला टेकले होते तिथे चपटे झाले होते, आणि मागच्या सीटमध्ये उंदरांनी बाळंतपण उरकलं होतं. तिला उठवायला मेकॅनिकला दीड महिना लागला. रोज चालवून जे पन्नास वर्षांत झालं नव्हतं ते सात महिने जपून झालं.

“आठवड्यातून पाच मिनिटं जागेवरच सुरू केली असती तर?” मामेभाऊ म्हणाला.

“तर आणखी वाट,” मामा म्हणाले. “इंजिन थंड असताना आतल्या जळण्याचं पाणी सायलेन्सरात नि तेलात साचतं. चांगलं तापेस्तोवर चाललं तरच ते उडतं. पाच मिनिटं सुरू करायची म्हणजे माणसाला आंघोळीला बसवायचं आणि अंग न पुसता झोपवायचं.”

मी वही उघडली. माझ्या शास्त्राप्रमाणे गाडीवर दरवर्षी घसारा धरतात, आणि त्या हिशेबाने या डॉजची पुस्तकी किंमत आज एक रुपयाही भरत नाही. पण शाखेत एक नियम मी रोज पाहतो. ज्या खात्यात खातेदाराने दोन वर्षांहून अधिक काळ एकही व्यवहार केलेला नाही ते खातं निष्क्रिय होतं. पैसे तिथेच असतात. पण खातं झोपतं, आणि त्याला जागं करायला अर्ज, ओळख, सही आणि माझ्यासारख्या कारकुनाची मनधरणी लागते. दहा वर्षं तसंच पडलं तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. उलट, रोज पैसे काढणाऱ्याच्या खात्यात महिनाअखेर काय उरतं तेही मी पाहतो. माझंच खातं आहे ते.

“तेव्हा,” मी निवाडा दिला, “हे चालू खातंही नाही आणि मुदत ठेवही नाही. हे बचत खातं आहे. व्यवहार हवा, पण मोजका. विंटेजचा नंबर घ्यायचा नाही. दर पाच वर्षांनी साधी नोंदणी वाढवायची. बाजारात न्यायची नाही. दर रविवारी पहाटे, रस्ते रिकामे असताना, इंजिन नीट तापेस्तोवर चालवायची.”

दोघेही नाराज झाले. त्यावरून निवाडा बरोबर असावा असं मला वाटलं. मामेभाऊ पुटपुटला, “बाबांचं वय पाहा. गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. मी तर म्हणतो यांनी घराबाहेरच...”

मामी चहा घेऊन आली होती. ती शांतपणे म्हणाली, “अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? घरात ठेवा म्हणून? रोज चाला म्हणून सांगितलं. जड उचलू नका आणि रोज चाला.”

मामेभावाने चहा घेतला. त्यातही साखर नव्हती, पण तो काही बोलला नाही.

आता दर रविवारी पहाटे सहाला आम्ही निघतो. लालबहादूर शास्त्री मार्गाने सरळ कुर्ल्यापर्यंत आणि परत. जाताना मामा चालवतात, येताना मी. हा माझ्या निवाड्यातला न लिहिलेला भाग. स्टिअरिंगवरचा गिअर मला अजून नीट साधत नाही. दुसरा टाकायला गेलो की मामा डोळे मिटून घेतात, एखाद्याने चुकीचा सूर लावावा तसे. मामी मागे डावीकडे बसते. तिच्या पायाशी रिकामी पिशवी असते आणि भांडुपला हातगाडी दिसली की गाडी आपोआप थांबते. बाजारात न्यायची नाही एवढंच ठरलं होतं. हातगाडीचं काही ठरलं नव्हतं.

दरवाज्याचा पोचा मामांनी भरून घेतला नाही. मी विचारलं तर म्हणाले, “तुमच्या वहीत चूक झाली तर खोडरबर वापरतात का?”

नाही वापरत. एक रेघ मारतात, वर बरोबर आकडा लिहितात आणि शेजारी सही करतात. खालचं वाचता आलं पाहिजे, असा नियम आहे.

मामी बसली की मामा पलीकडून फिरून येतात आणि दरवाजा स्वतः लावतात. पोचा आहे, पण आवाज अजून तोच येतो. ठप्.