कुऱ्हाड थांबली, पाणी आलं

हिमालयातला देवदार आपण चित्रातच पाहतो, पण झाडं राखणारी माणसं शेजारच्या धुळे जिल्ह्यातही आहेत. साक्री तालुक्यातलं बारीपाडा हे आदिवासी गाव. 1990 च्या सुमारास तिथलं जंगल तुटून गेलं होतं. बायका पाण्यासाठी वणवण करायच्या. मग चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी समिती केली. कुऱ्हाडबंदी झाली, झाड तोडणाऱ्याला दंड बसला. सुमारे 445 हेक्टर जंगल पुन्हा उभं राहिलं, विहिरींना पाणी आलं. 2004 पासून तिथे वनभाजी स्पर्धा भरते. बायका रानभाज्या रांधून आणतात. 2025 मध्ये पवारांना पद्मश्री मिळाला.

उन्हाळ्यात लासलगावकडे आमच्याही विहिरी तळ गाठतात. बचत गटाचा नियम आपण मोडू देत नाही. बांधावरच्या कडुनिंबालाही तोच नियम लावूया.