वळिवड्याची शाळा

लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला गेला नाही, असं घर कोल्हापूर जिल्ह्यात शोधावं लागेल. कापडाची ठोक दुकानं, टेम्पोंची गर्दी, गठ्ठे उचलणारे हमाल आणि सिंधी-मराठी मिसळून चाललेली घासाघीस हे तिथलं रोजचं चित्र. याच जागेवर १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसांची वस्ती होती. करवीर तालुक्यातलं शेजारचं गाव वळिवडे, म्हणून तिला वळिवड्याचा कॅम्प म्हणत. वस्तीत पुरुष थोडेच होते. बाकी सगळ्या बायका, म्हातारी माणसं आणि मुलं. त्या मुलांसाठी बालवाडीपासून शालान्त परीक्षेपर्यंतच्या शाळा कॅम्पातच चालत.

युद्धामुळे परागंदा झालेल्या मुलांचं शिक्षण हा आता जगभर एक स्वतंत्र कामाचा विषय आहे. त्यासाठी आंतरराष्ट्रीय संस्था आहेत, नियमावल्या आहेत, वेगळा निधी आहे. या कामाची कुळकथा सांगताना बहुतेक जण जिनिव्हा, पॅरिस आणि न्यूयॉर्कची नावं घेतात. तीही घ्यायला हवीत. पण हे काम करताना जे प्रश्न आज पडतात, ते जवळजवळ सगळे वळिवड्यात पडून गेले होते आणि त्यांतल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं तिथे शोधली गेली होती. म्हणून मी ही कथा पंचगंगेच्या काठावरून सांगतो आहे.

ही मुलं कोल्हापुरात आली कशी? सप्टेंबर १९३९मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीनं आणि १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत रशियानं आक्रमण केलं. रशियाच्या ताब्यात गेलेल्या भागातली कुटुंबं १० फेब्रुवारी १९४०पासून मालगाड्यांत कोंबून सायबेरियात आणि कझाकस्तानात पाठवली जाऊ लागली. लाकूडतोड, शेतमजुरी, भूक, टायफस असं दीड-दोन वर्षं चाललं. जून १९४१मध्ये हिटलर रशियावर उलटला आणि पारडं फिरलं. लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला, कैद्यांची सुटका झाली आणि जनरल अँडर्स यांनी सैन्य उभारलं. १९४२मध्ये हे सैन्य आणि त्याच्याबरोबरची कुटुंबं कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. एक लाखाहून जास्त माणसं होती ती, आणि त्यांत हजारो मुलं. कित्येकांचे आईबाप वाटेतच गेलेले.

या मुलांना ठेवायचं कुठे, हा मोठा पेच होता. काही जण इस्फहानमध्ये राहिले, काही पूर्व आफ्रिकेत गेले, काही मेक्सिकोला. न्यूझीलंडनं १९४४मध्ये ७३३ मुलं घेतली. हिंदुस्थानात पहिली जागा मिळाली ती नवानगर संस्थानात. जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी १९४२मध्ये जामनगरजवळच्या बालाचडीला मुलांसाठी कॅम्प उभारू दिला. मोठी आणि दीर्घ मुक्कामाची वसाहत मात्र १९४३च्या मध्यापासून वळिवड्याला वसली.

इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी. कोल्हापूरच्या औदार्याच्या कथेत छत्रपतींनी मुलांना बोलावून घेतल्याचं सांगितलं जातं. त्या वेळी गादीवर होतं ते दोन वर्षंही पूर्ण न झालेलं मूल, सहावे शिवाजी महाराज. कारभार रीजन्सी कौन्सिलकडे होता. कॅम्प वसवण्याचा निर्णय हिंदुस्थान सरकारचा आणि चालवण्याचा खर्च पोलिश सरकारचा. कोल्हापूरचा वाटा म्हणजे जागा, पाणी, बाजारहाट आणि पाच वर्षांचा शेजार. परक्या भाषेच्या आणि परक्या धर्माच्या पाच हजार माणसांना एका संस्थानी गावानं कुरबूर न करता पाच वर्षं सांभाळून घेतलं, हे श्रेय लहान नाही. त्याला खोट्या दागिन्यांची गरज नाही.

शिवाय घरापासून दूर आलेल्या मुलांची सोय लावणं कोल्हापूरला नवीन नव्हतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१पासून जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगं उभी केली होती आणि १९१७मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं व मोफत करायचं ठरवलं होतं. कॅम्पाशी याचा थेट संबंध जोडता येत नाही. पण मूल शिकवायचं तर आधी त्याच्या जेवणाची आणि राहण्याची सोय लावावी लागते, हे या शहराला पोलिश मुलं येण्याच्या चाळीस वर्षं आधी ठाऊक होतं.

आता शाळेकडे वळू. कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्गालगत बराकींच्या लांबच लांब रांगा होत्या. बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर कौलं. कॅम्पात चर्च, दवाखाना, पोस्ट आणि नाटकाचा रंगमंच होता, आणि या सगळ्याच्या मध्ये शाळा. पाचवी-सहावीच्या वर्गात दहा वर्षांच्या मुलीशेजारी तेरा-चौदा वर्षांचा मुलगा बसलेला असे, कारण त्याची मधली तीन वर्षं मालगाडीत, बर्फात आणि तंबूत गेली होती. कुणाला वाचता येई पण लिहिता येत नसे. कुणी रशियन शाळेत वर्षभर बसलेलं, कुणी शाळेचं तोंडच न पाहिलेलं. अशा वर्गाला शिकवायला मायाळू बाई पुरत नाहीत, व्यवस्था लागते.

ती व्यवस्था अशी होती. सगळ्यात वर लंडनमधल्या परागंदा सरकारचं शिक्षण मंत्रालय. त्याचे हिंदुस्थानातले प्रतिनिधी मिहाऊ गोवाफ्स्की. मुंबईत पोलंडचा वाणिज्य दूतावास होता. वाणिज्यदूत बानासिन्स्की आणि रेडक्रॉसचं काम पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी किरा बानासिन्स्का यांनी निर्वासितांच्या कामाला वाहून घेतलं होतं. अभ्यासक्रम युद्धापूर्वीच्या पोलंडचा, थोडा बदललेला, आणि तो आफ्रिकेत, इराणात, पॅलेस्टाइनमध्ये व वळिवड्यात साधारण सारखाच. त्यामुळे तेहरानमध्ये एक इयत्ता संपवून आलेल्या मुलाला इथे पुढच्या इयत्तेत बसता येई. पुस्तकं पोलंडमधून मिळणं शक्यच नव्हतं. ती जेरुसलेममध्ये पोलिश सैन्याच्या प्रकाशन विभागानं नव्यानं छापली आणि तिथून जगभरच्या कॅम्पांकडे गेली. ती येईपर्यंत बाईंनी आठवणीतून सांगायचं आणि मुलांनी लिहून घ्यायचं. मुंबईहून ‘पोलाक व इंडियाह’ हे पोलिश नियतकालिक निघे. घरात वाचायला तेही होतं.

शिक्षक कमी पडत होते. पुरुष शिक्षक सैन्यात गेले होते, आणि पोलंडमधल्या कित्येक शिक्षकांना तर दोन्ही आक्रमकांनी वेचून संपवलं होतं. म्हणून शिकलेल्या बायकांना हाती धरून शिक्षिका केलं गेलं, आणि शिक्षक तयार करणारे वर्ग कॅम्पातच काढले गेले. प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, व्यापारी शिक्षण, शिवणकाम, आणि शेवटी रीतसर शालान्त परीक्षा. मला या साऱ्यात परीक्षा सगळ्यात महत्त्वाची वाटते. निर्वासिताकडे घर नसतं, शेत नसतं, पुष्कळदा जन्माचा दाखलाही नसतो. कुणीतरी मान्य करील असं प्रमाणपत्र ही त्याची एकमेव जंगम मालमत्ता. क्षयाची बाधा झालेल्या मुलांना पाचगणीच्या हवेत ठेवलं जाई, काहींना इंग्रजीसाठी तिथल्या कॉन्व्हेंटमध्ये घातलं. १९४६मध्ये बालाचडीचा कॅम्प बंद झाल्यावर तिथली मुलंही वळिवड्याला आली आणि याच वर्गांत बसली.

शाळा सुटल्यावर स्काउट. जंगलात मुक्काम, शेकोटी, गाणी. स्काउटचे एक प्रमुख होते तरुण अधिकारी झ्जिस्वाव पेश्कोफ्स्की. सोव्हिएत पोलिसांनी १९४०मध्ये ज्या कोझेल्स्क छावणीतल्या हजारो पोलिश अधिकाऱ्यांना कातीनच्या जंगलात गोळ्या घातल्या, त्याच छावणीतून ते वाचले होते. पुढे ते धर्मगुरू झाले. आपले सोबती ज्यानं असे गमावले, तो माणूस कोल्हापूरच्या माळावर पोरांना गाठी मारायला आणि दिशा ओळखायला शिकवत होता, ही गोष्ट मला त्या सगळ्या इतिहासात फार मोठी वाटते.

कॅम्पाची फाटकं बंद नव्हती. भाजीवाले, दूधवाले, टांगेवाले आत जात, मुलं कोल्हापूरच्या बाजारात येत. आणि त्या मुलांचे बाप-भाऊ त्या वेळी इटलीत लढत होते. ब्रिटिशांच्या आठव्या सैन्यात पोलिश तुकड्या होत्या, तसेच मराठा पलटणीचे जवानही. रायगड जिल्ह्यातले यशवंत घाडगे जुलै १९४४मध्ये तिथेच पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

मग १९४५ साल उजाडलं. याल्टाच्या करारानं पूर्व पोलंड रशियाकडे गेला. जुलैत ब्रिटन-अमेरिकेनं लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. वळिवड्यातली बहुतेक कुटुंबं त्याच पूर्व भागातली. ज्या गावी परत जायचं म्हणून पोलिश इतिहास-भूगोल घोकला, ते गाव आता पोलंडमध्ये उरलंच नव्हतं. कॅम्पाचा कारभार आंतरराष्ट्रीय मदत संस्थांकडे गेला. १९४८च्या सुरुवातीपर्यंत माणसं पांगली. थोडी पोलंडला गेली, बाकीची इंग्लंड, पूर्व आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडा इकडे.

छावणीतल्या शिक्षणाचा खरा गाभ्याचा प्रश्न इथे उभा राहतो. मूल कुठल्या देशासाठी शिकवायचं? मागे राहिलेल्या, की पुढे जिथे दाणापाणी असेल त्या? वळिवड्यानं पहिलं उत्तर निवडलं. माझ्या मते त्या वेळी तेच बरोबर होतं. आपल्या भाषेतल्या शाळेनं त्या मुलांना माणसांत आणलं. पण एकच उत्तर सगळीकडे लागू पडत नाही, हे जगाला पुढे हळूहळू कळत गेलं.

जग तेव्हा काय करत होतं? नोव्हेंबर १९४२मध्ये, बालाचडीत मुलं येऊन काही महिनेच झाले असताना, लंडनमध्ये दोस्त राष्ट्रांच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद भरू लागली. परागंदा पोलिश सरकारही तिच्यात होतं. शाळा, पुस्तकं, शिक्षक पुन्हा कसे उभे करायचे, ही तिथली चर्चा. त्याच परिषदेतून १६ नोव्हेंबर १९४५ रोजी युनेस्को जन्माला आली. १९५१च्या निर्वासित करारानं निर्वासित मुलाला यजमान देशातल्या मुलाइतकाच प्राथमिक शिक्षणाचा हक्क दिला. भारतानं त्या करारावर आजही सही केलेली नाही.

त्यानंतर बराच काळ निर्वासितांच्या मदतीत अन्न, औषध आणि तंबू पुढे राहिले, शाळा मागे पडली. नव्वदच्या दशकात सोमालिया आणि रवांडात पेटीतली शाळा निघाली. युनिसेफच्या पेटीत एक शिक्षक आणि चाळीस मुलं यांना पुरेल इतकं सामान असतं. वह्या, पेन्सिली, खडू, लाकडी घड्याळ, मोजणीचे ठोकळे. सोबतचा काळा रंग पेटीच्या झाकणाला फासला की त्याचाच फळा होतो. २००० साली या क्षेत्रातल्या संस्थांचं जाळं उभं राहिलं आणि २००४मध्ये त्यांनी किमान मानकं ठरवली. त्यानंतर दोन-तीन वर्षांत युनिसेफ आणि सेव्ह द चिल्ड्रन यांच्याकडे समन्वयाचं काम आलं, म्हणजे एकाच छावणीत चार संस्थांनी चार अभ्यासक्रम चालवू नयेत, एका टोकाला तीन शाळा आणि दुसऱ्या टोकाला एकही नाही असं होऊ नये. वळिवड्यात हे सगळं एका मंत्रालयाच्या हातात होतं म्हणून सुरळीत चाललं. आजच्या बहुतेक निर्वासितांच्या पाठीशी असं सरकार नसतं. २०१२पासून संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेनं मुलांना यजमान देशाच्याच शाळांत घालण्यावर भर दिला, कारण परत जाणं पिढ्यानुपिढ्या लांबतं असा अनुभव आला.

२०२२मध्ये युक्रेनची मुलं लाखांनी पोलंडमध्ये आली, तेव्हा हाच प्रश्न पोलंडपुढे उभा राहिला. पुष्कळ मुलं आधी युक्रेनच्याच शाळांत ऑनलाइन शिकत राहिली. दोन वर्षांनी पोलंडनं त्यांना पोलिश शाळेत जाणं बंधनकारक केलं.

या कुळाची एक शाखा भारतातही वाढली. वांदा दिनोफ्स्का या पोलिश विदुषी १९३५पासून भारतात राहत होत्या. गांधीजींच्या सहवासात त्यांना उमादेवी हे नाव मिळालं. युद्धकाळात त्यांनी पोलिश निर्वासितांसाठी काम केलं आणि १९६०नंतर धरमशालेला तिबेटी निर्वासित मुलांच्या सेवेत गेल्या. तिबेटी मुलांसाठी भारत सरकारनं १९६१पासून वेगळ्या शाळा काढल्या, आणि त्यांत तिबेटी भाषाही शिकवली गेली. आणि वळिवड्याच्या बराकी? त्या रिकाम्या राहिल्याच नाहीत. फाळणीत घर गमावलेली सिंधी कुटुंबं तिथे आली आणि त्यांनी गांधीनगर उभं केलं.

आज कोल्हापूरच्या महावीर उद्यानात १९९८मध्ये उभारलेला पोलिश निर्वासितांचा स्मारकस्तंभ आहे. वॉर्साला २०१७पासून कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, आणि ऑगस्ट २०२४मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिलं. हे सगळं चांगलंच आहे. पण या स्मारकांवर आश्रयाची गोष्ट आहे, शाळेची नाही. त्या शाळांत शिकलेली मुलं आता नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांना दूध घालणारी, त्यांच्याशी चेंडू खेळणारी वळिवडे, उचगाव, चिंचवाड इथली माणसंही त्याच वयाची. ज्यांच्या घरात असं कुणी असेल, कॅम्पातली एखादी वही, फोटो, विकत घेतलेलं बाकडं किंवा नुसती आठवण असेल, त्यांनी ती याच वर्षी लिहून काढावी, ध्वनिमुद्रित करून ठेवावी आणि शिवाजी विद्यापीठापर्यंत पोहोचवावी. आणि जिल्ह्यातल्या शाळांनी निदान एक तास वळिवड्याच्या शाळेसाठी द्यावा.