ॲपच्या पोटात गुपित टिकत नाही : मोबाइल साइन-इनचा इतिहास आणि बेंगळुरूचे २०१७ साल

ऑगस्ट २०१७ च्या पहिल्या आठवड्यात बेंगळुरू पोलिसांनी एका सॉफ्टवेअर अभियंत्याला अटक केल्याची बातमी आली. तक्रार आधार चालवणाऱ्या भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाची होती. या अभियंत्याने 'आधार ई-केवायसी व्हेरिफिकेशन' नावाचे अँड्रॉइड ॲप गूगल प्लेवर ठेवले होते. वापरणाऱ्याने आपला आधार क्रमांक टाकायचा, नोंदवलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी भरायचा, की त्याचा स्वतःचाच तपशील पडद्यावर दिसे. मात्र आधारच्या यंत्रणेशी बोलण्याचा परवाना या ॲपला नव्हता. सरकारी रुग्णालयांतील नोंदणीसाठी असलेल्या ई-हॉस्पिटल या सेवेच्या सर्व्हरमार्गे त्याने विनापरवाना विनंत्या पाठवल्या, असा आरोप होता. मध्यवर्ती माहितीसाठ्याला धक्का लागलेला नाही, असे प्राधिकरणाने सांगितले.

खटल्याचा निवाडा करणे हे आपले काम नाही. पण विद्यार्थी मित्रांनो, या घटनेतली एक विचित्र गोष्ट तुमच्या लक्षात आली का? ओटीपी खरा होता. तो योग्य माणसाच्याच फोनवर गेला आणि त्यानेच तो भरला. म्हणजे 'माणूस कोण?' या प्रश्नाचे उत्तर बरोबर मिळाले. मग चुकले कोठे?

मोठ्या गृहसंकुलाच्या फाटकावरचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. कोणी पार्सल घेऊन आला, की वॉचमन वरच्या मजल्यावर फोन करतो, घरमालक म्हणतो, "पाठवा." परवानगी खरीच असते. पण आलेला माणूस ज्या कंपनीचे नाव सांगतो आहे तिचाच आहे का, हे कोणी तपासलेले नसते. प्रमाणीकरणात असे दोन प्रश्न असतात: वापरकर्ता कोण, आणि त्याच्या वतीने बोलणारे ॲप कोणते. पहिल्या प्रश्नावर पुस्तके भरभरून लिहिली गेली. दुसरा प्रश्न मोबाइल ॲप आल्यावर खरा बोचू लागला, आणि या पाठाचा विषय तोच आहे.

संगणकावरचा पासवर्ड १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचा, एमआयटीतील सीटीएसएस या सामायिक यंत्रणेतला. तेथे यंत्र एकच होते आणि समोर बसलेला माणूस थेट त्याच्याशीच बोलत होता. मधे तिसरा कोणी नव्हता. वेबवर तो तिसरा आला. एखाद्या संकेतस्थळाला तुमचे ट्विटरवरचे संदेश हवे असले, तर ते सरळ तुमचा ट्विटरचा पासवर्ड मागे. दूधवाल्याला पातेले घ्यायला घराची किल्लीच देऊन टाकावी, तसा हा प्रकार. त्यावर उपाय म्हणून २००७ मध्ये ओऑथ हा संकेत तयार झाला. पासवर्ड मूळ सेवेलाच द्यायचा, आणि तिसऱ्याला मिळायचे ते मर्यादित कामाचे टोकन. ट्विटरने ऑगस्ट २०१० अखेर बाहेरच्या ॲप्सना पासवर्डने दार उघडणे बंद केले.

मात्र या रचनेत एक गृहीतक दडले होते. टोकन मागणाऱ्या संकेतस्थळाने आपली ओळख स्वतःजवळच्या गुप्त किल्लीने पटवायची असे. सर्व्हर कुलूपबंद खोलीत असतो, त्यामुळे ही अपेक्षा वाजवी होती. तीच किल्ली फोनवरच्या ॲपमध्ये घातली की काय होते? अँड्रॉइडची एपीके फाइल मुळात झिप फाइल असते. ती कोणीही उतरवून घेतो, उघडतो, आतला मजकूर वाचतो. लाखो लोकांना वाटलेल्या वस्तूत ठेवलेल्या गोष्टीला गुपित म्हणण्यात अर्थ नाही. मार्च २०१३ मध्ये खुद्द ट्विटरच्या अधिकृत ॲप्सच्या किल्ल्या गिटहबवर सर्वांसमोर आल्या. किल्ली बदलायची म्हटले तर जुनी ॲप्स बंद पडतात, न बदलावी तर कोणीही ट्विटरच्या ॲपचा मुखवटा घालू शकतो.

ऑक्टोबर २०१२ च्या ओऑथ २.० मध्ये, म्हणजे आरएफसी ६७४९ मध्ये, हे वास्तव मान्य केलेले दिसते. तेथे ॲप्सचे दोन वर्ग केले आहेत: गुपित राखू शकणारी आणि न राखू शकणारी. फोनवरची ॲप्स दुसऱ्या वर्गात जातात. माझ्या मते त्या दस्तऐवजातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि तो वाचण्याआधीच बहुतेक जण नमुना-कोडकडे पळतात.

वर्गीकरण झाले तरी धोका उरलाच. साइन-इन झाल्यावर ब्राउझर एक तात्पुरता कोड ॲपकडे परत पाठवतो. त्याच फोनवरच्या लबाड ॲपने तोच पत्ता आपल्या नावावर नोंदवला, तर कोड त्याच्या हाती पडतो. सप्टेंबर २०१५ मधील आरएफसी ७६३६ ने, ज्याला सगळे 'पिक्सी' म्हणतात, साधी युक्ती काढली. ॲपने दर वेळी एक नवे यादृच्छिक अक्षरसूत्र बनवायचे. सुरुवातीला सर्व्हरला त्याचा फक्त हॅश द्यायचा, आणि कोड वटवताना मूळ सूत्र दाखवायचे. हॅशवरून सूत्र काढता येत नाही, म्हणून चोरलेला कोड निरुपयोगी ठरतो. ॲपमध्ये कायमचे गुपित ठेवायची गरजच उरत नाही.

दुसरी लढाई पासवर्ड भरण्याच्या पानाची होती. विकासकांना ते पान आपल्याच ॲपमध्ये, वेबव्ह्यूत दाखवणे आवडे, कारण ते दिसायला नीटनेटके असते. पण वेबव्ह्यूवर ॲपचा पूर्ण ताबा असतो. त्यात टाकलेले प्रत्येक अक्षर ते वाचू शकते, आणि पत्त्याची पट्टी नसल्यामुळे पान खरे की खोटे हे वापरकर्त्याला कळत नाही. गूगलने ऑगस्ट २०१६ मध्ये असे साइन-इन बंद करण्याचे जाहीर केले आणि एप्रिल २०१७ पासून ते रोखायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०१७ मध्ये, बेंगळुरूच्या अटकेनंतर दोनच महिन्यांनी, आरएफसी ८२५२ प्रसिद्ध झाला. विल्यम डेनिस आणि जॉन ब्रॅडली यांच्या या दस्तऐवजाचे सांगणे असे: ॲपने साइन-इनसाठी वेगळा ब्राउझर उघडावा, स्वतःच्या पोटातला नव्हे, आणि पिक्सी वापरावे. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण दोन्हींच्या मुळाशी एकच दुखणे आहे.

येथे घाईने निष्कर्ष काढू नका. पिक्सीने बेंगळुरूचा प्रश्न सुटला नसता. कोड मागणारा आणि वटवणारा एकच आहे, एवढेच पिक्सी सिद्ध करते. तो एक कोण, हे सांगत नाही. त्यासाठी संकेतस्थळाच्या मालकीशी जोडलेले परतीचे दुवे लागतात, किंवा फोनच्या यंत्रणेनेच ॲपच्या खरेपणाची ग्वाही द्यावी लागते. त्यातही पळवाटा आहेतच, म्हणून प्रत्येक विनंतीला मर्यादा घालण्याची जबाबदारी शेवटी सर्व्हरवर येते.

भारताने याच काळात वेगळी वाट धरली, हे आपल्या अभ्यासक्रमात क्वचितच येते. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत यूपीआयची सुरुवात झाली आणि बेंगळुरूच्या फोनपेसारख्या कंपन्यांनी त्यावर ॲप्स उभी केली. तुम्ही यूपीआय ॲप प्रथम सुरू करता तेव्हा ओटीपी येत नाही. उलट तुमच्या फोनमधून एक एसएमएस बाहेर जातो. का? आलेला ओटीपी फोनवर बोलता बोलता भामट्याला सांगता येतो. जाणारा एसएमएस मात्र त्या फोनमधल्या त्या सिममधूनच निघावा लागतो. पिन भरण्याचा पडदाही ॲपचा नसतो. तो राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने दिलेल्या सामायिक लायब्ररीचा असतो, पिन तेथेच कूटबद्ध होतो आणि ॲप बनवणाऱ्या कंपनीला दिसत नाही. आरएफसी ८२५२ ने ब्राउझर वेगळा काढून जे साधले, ते येथे पिनचा पडदा वेगळा काढून साधले आहे.

आधारची कथा न्यायालयात पुढे गेली. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिला गेला. २०१२ मध्ये याचिका केली ती बेंगळुरूचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी. अटकेनंतर तीनच आठवड्यांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने आधार कायदा टिकला, पण खासगी कंपन्यांना करारावर आधारने ओळख पटवू देणारा कलम ५७ चा भाग रद्द झाला. नुसत्या करारावर आधारने ग्राहकाची ओळख पटवणाऱ्या खासगी ॲप्सना आपली पद्धत बदलणे भाग पडले.

आता तुमच्या फोनवरचे एखादे ॲप उघडा आणि 'गूगलने साइन-इन करा' हे बटण दाबा. पुढचा पडदा कोणाचा आहे ते पाहा: फोनच्या यंत्रणेचा, पत्त्याची पट्टी असलेल्या ब्राउझरचा, की ॲपचा स्वतःचा. अशा पाच ॲप्सची नोंद करून पुढच्या तासाला आणा.