पोलादाचं गाव आणि बाखचा शनिवार

संगीतातलं मला फारसं कळत नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे जाणकारांनी पुढे वाचताना कपाळाला आठ्या घालू नयेत. लहानपणी पेटीच्या क्लासला दोन महिने गेलो. तिसऱ्या महिन्यात सरांनीच आईला सांगितलं, "ह्याला क्रिकेटला घाला." विषय संपला.

तरीही आजचा लेख गाणाऱ्या लोकांबद्दल आहे. झालं असं, की प्रोजेक्टच्या निमित्ताने मी काही महिने अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या बेथलहेम गावाजवळ राहत होतो. आमच्या टीममधे टेस्टिंग बघणारी पन्नाशीची एक बाई होती. आठवड्यातल्या एका ठरलेल्या संध्याकाळी ती वेळेवर निघायची. प्रॉडक्शनला आग लागलेली असो, मॅनेजर डोक्यावर उभा असो, ही आपली पर्स उचलून चालू पडायची. मला वाटायचं घरी कोणी आजारी असेल. मे महिन्यात तिने मला एक तिकीट दिलं तेव्हा उलगडा झाला. बाई तिथल्या बाख क्वायरमधे गात होत्या आणि वर्षभराच्या त्या संध्याकाळी मे महिन्यातल्या एका शनिवारसाठी होत्या.

त्या शनिवारी लीहाय विद्यापीठाच्या पॅकर चर्चमधे योहान सेबास्टियन बाखचा 'बी मायनर मास' गातात. गायला जवळजवळ दोन तास लागतात. दुपारी अर्धा, मधे मोठा ब्रेक, मग उरलेला. मी ब्रेकमधे सटकायच्या तयारीने गेलो होतो. नाही सटकलो. परत येऊन ह्या प्रकाराबद्दल मिळेल ते वाचत बसलो, त्यातून हा लेख.

सुरुवात गावापासून करावी लागेल. बेथलहेम वसवलं 1741 साली, मोरेव्हियन पंथाच्या लोकांनी. मध्य युरोपातून आलेली ही प्रॉटेस्टंट मंडळी. ह्यांच्याकडे गाणं ही हौस नव्हती, व्यवहाराची भाषा होती. 1754 मधे त्यांनी युरोपातून ट्रॉम्बोन आणवले. गावात कोणी गेलं की ते वाजवून बातमी द्यायचे, आणि गंमत म्हणजे विवाहित पुरुष, विधवा, अविवाहित मुलगी, लहान मूल, प्रत्येकासाठी ठरलेली धून वेगळी. शेतात काम करणाऱ्याला नुसत्या सुरावरून कळायचं की साधारण कोणाच्या घरी जायचं आहे. आपण ज्याला नोटिफिकेशन म्हणतो ते ह्यांनी अडीचशे वर्षांपूर्वी चार पितळी नळ्यांवर बसवलं होतं. बाख महोत्सवाच्या आधी जमलेल्या लोकांना बोलवायचं कामही हेच ट्रॉम्बोन करतात.

अशा गावात 1863 साली जे. फ्रेड वॉली जन्मला. विशीत तो ऑर्गन शिकायला म्युनिकला गेला, तिथे बाखचं 'सेंट जॉन पॅशन' ऐकलं आणि पछाडल्यासारखा परत आला. 1888 साली गावातल्या गायकांकडून त्याने ते अख्खं गाऊन घेतलं, अमेरिकेत पहिल्यांदा. 1892 मधे 'सेंट मॅथ्यू पॅशन' झालं. मग त्याने 'मास' काढला, आणि गायकांनी हात वर केले. इतकं कठीण आम्हाला झेपायचं नाही म्हणाले, आणि ती मंडळीच मोडली.

त्यांना दोष देता येत नाही. ही रचना बाखनेसुद्धा पूर्ण ऐकल्याचा पुरावा नाही. पहिला मोठा भाग त्याने 1733 साली ड्रेस्डेनच्या दरबारात नोकरीच्या अर्जासारखा पाठवला होता. उरलेलं आयुष्याच्या शेवटी, 1748-49 च्या सुमारास, जुन्या रचना काढून, तासून, नव्या शब्दांवर बसवून पूर्ण केलं. एक तुकडा तर मूळ 1714 सालचा आहे. (आमच्या भाषेत, पस्तीस वर्षांपूर्वीचा कोड इतका स्वच्छ की तो उचलून आयुष्यातल्या शेवटच्या मोठ्या रिलीजमधे टाकता येतो. माझा मागच्या दिवाळीतला कोड मला उघडवत नाही.)

सहा वर्षं गेली. 1898 मधे रुथ पोर्टर डॉस्टर ह्या गावातल्याच बाईंच्या पुढाकाराने गायक पुन्हा जमले आणि 'बेथलहेम बाख क्वायर' उभा राहिला. वर्षाहून जास्त काळ तालीम चालली. वॉलीची पद्धत मला फार आवडली. तो कोरस शेवटापासून शिकवायचा. आधी शेवटच्या काही मात्रा पक्क्या करायच्या, मग त्याच्या अलीकडच्या, मग त्याच्या अलीकडच्या. म्हणजे गाताना माणूस दमत जातो तसतसा तो जास्त ओळखीच्या मुलखात येतो. आपण सगळे उलटं करतो. पहिलं पान घोटून पाठ आणि शेवटचं परीक्षेच्या आदल्या रात्री.

27 मार्च 1900 रोजी गावातल्या मोरेव्हियन चर्चमधे 'मास' पूर्ण गायला गेला. अमेरिकेत पहिल्यांदा, आणि गाणारे सगळे हौशी. न्यूयॉर्क, बॉस्टन बघत राहिले. 1901 ला पुन्हा झाला, 1903 ला पुन्हा.

इथे मला वाटलं होतं की आता 'आणि तेव्हापासून अखंड' असं वाक्य येणार. ते येत नाही. 1905 साली वॉलीला कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठाने नवा संगीत विभाग उभा करायला बोलावलं. तो गेला, आणि क्वायर बंद पडला. इतके पक्के गायक, चर्च, कौतुक करणारी वर्तमानपत्रं, सगळं जागेवर होतं. एक माणूस नव्हता. आमच्या धंद्यात ह्याला 'बस फॅक्टर' म्हणतात : किती माणसं बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल? उत्तर 'एक' असेल तर अवघड आहे. मी अशा एका प्रोजेक्टवर होतो. तो एक माणूस नोकरी सोडून गेला आणि आम्ही वर्षभर त्याच्या कॉमेंट्स वेदमंत्रांसारख्या वाचत बसलो.

पुढचा भाग मला सगळ्यात अवघड जातो, कारण इथे पैसा येतो. नदीच्या दक्षिण काठावर बेथलहेम स्टील वाढत होती. तिचा मालक चार्ल्स श्वाब हा स्वतः संगीतवेडा, पियानो आणि ऑर्गन वाजवणारा. न्यूयॉर्कच्या घरात त्याने भलाथोरला ऑर्गन बसवला होता. त्याने पाठबळ दिलं, वॉली परतला, आणि 1912 साली महोत्सव पुन्हा सुरू झाला तो नदीच्या ह्याच काठावर, पॅकर चर्चमधे.

पण दोनच वर्षं आधी, फेब्रुवारी 1910 मधे, ह्याच कारखान्यात मोठा संप झाला होता. ठिणगी पडली ती ओव्हरटाइम आणि रविवारच्या कामावरून. तक्रार घेऊन गेलेल्यांना काढून टाकलं आणि कामगार बाहेर पडले. सरकारी चौकशीत निघालं की जवळपास निम्मे कामगार रोज 12 तास राबत होते. घोडेस्वार पोलीस आले, गोळी चालली, एक कामगार मेला. संप मे महिन्यात मोडला. श्वाब हटला नाही.

म्हणजे ज्याने माणसांना रविवारची सुट्टी नाकारली, त्याच्याच पैशावर दोन वर्षांनी टेकडीवरच्या चर्चमधे ईश्वरस्तुती घुमली. खाली भट्ट्या चालू. हे वाचून मी लॅपटॉप बंद केला होता. मग वाटलं, गाणाऱ्यांचं काय? त्यांना कोणी पगार देत नव्हतं. दिवसभराचं काम करून ती माणसं तालमीला जात होती. श्वाबच्या पैशाने वाद्यवृंद आणता आला, पण लॅटिनमधले ते कोरस कोणाच्या तोंडी बसवता आले नसते. मी श्वाबला माफ करत नाही, आणि महोत्सव नकोसाही होत नाही. दोन्ही एकत्र ठेवायला जमतंय का बघतोय.

नंतरची गोष्ट भराभर. वॉली 1933 साली गेला, पण ह्या वेळी क्वायर थांबला नाही. नवे संचालक आले; त्यातल्या एकाने 1983 पासून जवळजवळ चार दशकं काढली. श्वाब 1939 मधे कर्जात मेला. गोल्डन गेट पुलाला पोलाद पुरवणारी ती कंपनी कधी बुडेल असं कोणाला वाटलं नसेल. 1995 मधे बेथलहेममधली भट्टी विझली, 2001 मधे दिवाळं, 2003 मधे उरलंसुरलं विकलं. भट्ट्यांचे गंजलेले सांगाडे अजून उभे आहेत, शेजारी आता कॅसिनो आहे. आणि एखाददुसरं साल सोडलं तर 'मास' चालू आहे. 2020 मधे मात्र करोनाने चर्च रिकामं ठेवलं. एकत्र श्वास घेणं हाच ज्याचा पाया, ते घरी बसून कसं करणार?

आता त्या शनिवारबद्दल. मधल्या एका तुकड्यात येशूला क्रुसावर चढवतात. खर्जातली चार मात्रांची एकच चाल तेरा वेळा फिरते. तेरा हे मी नंतर वाचलं, तिथे मोजत नव्हतो. आवाज खाली खाली जातो आणि जवळजवळ विझतो. कोणी खोकलंसुद्धा नाही. मग एकदम तुताऱ्या आणि सगळा क्वायर उसळतो. माझ्या शेजारचे आजोबा आधीपासून मूठ आवळून वाट बघत होते. त्यांना माहीत होतं काय येणार आहे. दरवर्षी तेच येतं.

आमच्या टेस्टिंगवाल्या बाई तिसऱ्या रांगेत होत्या, वही हातात, पण बघत नव्हत्या. ऑफिसमधे कधीच न दिसलेला चेहरा होता. सोमवारी मी विचारलं, "आता पुढच्या वर्षीपर्यंत सुट्टी?"

"तालमी पुन्हा सुरू होईपर्यंत," त्या म्हणाल्या आणि माझ्या मॉड्यूलमधले सात बग समोर ठेवले. :)