संघाचं नाव

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली. मशिदीबाहेर मी चपला शोधत होतो, तेवढ्यात तीन पोरांनी मला गाठलं. एकाच्या हातात घडी घालून घालून मळलेला फॉर्म होता. ‘चाचा, एवढं भरून द्या.’ शनिवार-रविवारची फुटबॉल स्पर्धा, चौदा वर्षांखालची मुलं, एका बाजूला सात खेळाडू. नावं आणि जन्मतारखा पोरांनीच लिहून आणल्या होत्या. सर्वांत वरचा रकाना तेवढा रिकामा होता. संघाचं नाव.

शेजारी मोहल्ल्यातले एक बुजुर्ग उभे होते. ते लगेच म्हणाले, ‘मोहम्मेडन लिही. कलकत्त्याच्या मोहम्मेडननं गोऱ्यांना हरवलं होतं. आमचे अब्बा सांगायचे. पोरंही आपलीच जास्त आहेत.’

मी यादी पाहिली. एकूण नऊ नावं. त्यातली पाच आपली. दोन मराठा, एक धनगर. नववा गोलकीपर. तो बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबातला. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आई-बापाबरोबर इथं येतो, पट्टा पडला की जातो. भवानीनगर म्हणजे आमचा छत्रपती कारखाना. हंगामात इथं कोण कुठून येतं याचा हिशेब कुणी ठेवत नाही. तरी फॉर्मवर नाव घालायची वेळ आली की हिशेब सुरू होतो.

मी म्हणालो, ‘उद्या सकाळी सांगतो.’ बुजुर्गांचं म्हणणं मला चूक वाटत नव्हतं, पण पुरतं बरोबरही वाटत नव्हतं. रात्री त्यावर जे आठवलं, ते इथं लिहितो आहे.

आधी बुजुर्गांच्या बाजूनं. त्यांचे अब्बा खोटं सांगत नव्हते.

फुटबॉल या देशात आणला तो इंग्रजी पलटणींनी. ड्युरंड कप १८८८ मध्ये सिमल्यात सुरू झाला, रोव्हर्स कप १८९१ मध्ये मुंबईत. दोन्ही स्पर्धांत कित्येक वर्षं गोऱ्या रेजिमेंटच जिंकत होत्या. १९११ मध्ये कलकत्त्याच्या मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली, ती गोष्ट शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचली. पण मुंबईतला रोव्हर्स कप तेव्हाही हाती आला नाही. १९२३ मध्ये मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत आला आणि डरहम लाइट इन्फंट्रीकडून हरला.

तो कप पहिल्यांदा एका हिंदी संघानं जिंकला १९३७ मध्ये. संघाचं नाव बंगलोर मुस्लिम्स. अंतिम सामन्यात समोर होता कलकत्त्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग. म्हणजे सेहेचाळीस वर्षांनी गोऱ्यांच्या हातून कप निसटला तो दोन मुस्लिम संघांच्या लढतीत. पुढच्या वर्षी बंगलोर मुस्लिम्सनं तो पुन्हा जिंकला. १९४० मध्ये हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले आणि कप मोहम्मेडनकडे गेला. त्याच वर्षी डिसेंबरात मोहम्मेडननं दिल्लीत रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटला हरवून ड्युरंड कपही घेतला. ड्युरंड जिंकणारा तो पहिला हिंदी संघ. त्या सामन्याचे पंच होते हरनाम सिंग.

त्याआधी १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षं मोहम्मेडननं कलकत्ता लीग जिंकली होती. १९३४ पर्यंत ती लीग एकाही हिंदी संघाला जिंकता आली नव्हती. या यशामागे नुसता जोश नव्हता. क्लबनं बंगालबाहेरून, बंगलोरपासून क्वेट्ट्यापर्यंत, खेळाडू शोधून आणले. बाकीचे हिंदी संघ अनवाणी खेळत असताना पावसाळी चिखलात यांनी बूट घातले. साधी गोष्ट, पण निसरड्या मैदानावर सामना तिथंच फिरतो.

त्या काळातल्या मुसलमानाला या विजयांचा काय आनंद झाला असेल, हे समजायला इतिहासकार व्हावं लागत नाही. नोकरीत मागे, शिक्षणात मागे, आणि मैदानावर मात्र सर्वांच्या पुढे. बुजुर्गांच्या अब्बांनी ती गोष्ट मुलाला सांगितली यात नवल नाही.

आता दुसरी बाजू.

मुंबईत त्याच काळात क्रिकेटही धर्माच्या नावानं चालायचं. मरीन ड्राइव्हवर पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखाने एका रांगेत आहेत, आजही दिसतात. १९०७ मध्ये युरोपियन, पारशी आणि हिंदू अशी तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला, चौरंगी झाली. १९३७ मध्ये उरलेल्या सर्वांचा एक संघ आला, पंचरंगी झाली. गर्दी अफाट असायची, क्रिकेटही उत्तम व्हायचं. १९४४ च्या अंतिम सामन्यात मुस्लिम संघानं हिंदू संघाला एका विकेटनं हरवलं. के. सी. इब्राहिम नाबाद १३७. असा सामना ज्यांनी पाहिला, ते जन्मभर तोच सांगत बसले असतील.

पण संघाला धर्माचं नाव दिलं की आतली माणसं एक होतातच असं नाही. हिंदूंच्या संघात पळवणकर बाळू होता. त्या काळचा देशातला सर्वोत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज. जातीनं चांभार. पुण्यात मैदानावर त्यानं विकेट काढाव्यात आणि चहाच्या वेळी त्याचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात यावा, असं चालायचं. कप्तानपद त्याला मिळालं नाही. ते मिळालं त्याच्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये, तेही बऱ्याच झगड्यानंतर. नाव हिंदू, पण बाळू त्यात किती होता? आपल्याकडेही अश्रफ-पसमांदा हा हिशेब आहेच, तो इथं उगाळत नाही.

गांधीजींनी १९४० मध्ये धर्मावर आधारलेल्या सामन्यांना जाहीर विरोध केला. १९४६ मध्ये पंचरंगी बंद झाली. फाळणी दारात होती. मैदानावर ज्या नावानं आरोळ्या उठत होत्या, रस्त्यावर त्याच नावानं माणसं मरू लागली. क्रिकेटमुळे दंगे झाले असं मी म्हणत नाही. पण नाव तेच होतं.

आता आमच्या गोलकीपरकडे येतो, कारण त्याचा बीड जिल्हा या गोष्टीत आहे. बीड, औरंगाबाद, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हा सगळा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९४८ पर्यंत रझाकारांनी तिथल्या हिंदू गावांवर जुलूम केले. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या मुसलमानांनी काय सोसलं ते पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं लिहून ठेवलं आहे. कित्येक घरांत ते आजही हळू आवाजात सांगतात. रझाकार गावात कुठं होता, हे कुणी विचारत बसलं नाही. नाव पुरेसं होतं.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, हैदराबादचा एक संघ मुंबईत रोव्हर्स कप खेळायला आला. नाव होतं हैदराबाद सिटी पोलीस. त्यांनी कप जिंकला. १९५१ मध्ये पुन्हा. मग १९५२, ५३, ५४. सलग पाच वर्षं. संघात नूर मोहम्मद आणि अजीजुद्दीन होते, तसे अँथनी पॅट्रिकही होते. आणि त्यांना घडवणारा माणूस होता सय्यद अब्दुल रहीम.

रहीमसाहेब मुळात शाळामास्तर. हैदराबादच्या शाळांत शिकवता शिकवता फुटबॉल शिकवायला लागले. त्यांची पद्धत ऐकण्यासारखी आहे. पोरांसाठी ते अशा स्पर्धा ठेवायचे ज्यात ड्रिब्लिंगला बंदी. चेंडू पायाशी खेळवत बसायचं नाही, लगेच दुसऱ्याला द्यायचा. काही सामन्यांत फक्त कमजोर पायानं खेळायचं. मास्तरांना ठाऊक होतं की एकट्याची कलाकारी गल्लीत चालते. समोर तगडा संघ आला की आपला माणूस कुठं उभा आहे हे ज्याला दिसतं, तोच टिकतो.

हाच शाळामास्तर पुढं देशाच्या संघाचा प्रशिक्षक झाला. १९५१ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. तिथं मुंबईच्या नेव्हिल डिसूझानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. आणि १९६२ मध्ये जाकार्ता. रहीमसाहेबांना तेव्हा कर्करोगानं ग्रासलं होतं. इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ न दिल्यावरून वाद पेटला होता, त्यात भारतीय अधिकाऱ्यानं टीका केली म्हणून स्टेडियममधली गर्दी आपल्या विरोधात होती. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी. संघातली नावं अशी : पीटर थंगराज, चंद्रशेखर, त्रिलोक सिंग, जर्नेल सिंग, अरुण घोष, फ्रँको, राम बहादूर, युसूफ खान, पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी, तुलसीदास बलराम. फ्रँको मूळचा गोव्याचा. गोवा मुक्त होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. जर्नेल सिंग फाळणीत पलीकडून उखडून आलेला. आधीच्या सामन्यात त्याच्या डोक्याला टाके पडले होते. रहीमसाहेबांनी त्याला बचावातून काढून पुढं खेळवलं, आणि त्यानं गोल केला. २-१ नं सुवर्ण. पुढच्या जूनमध्ये रहीमसाहेब गेले. आशियाई फुटबॉलचं सुवर्ण त्यानंतर भारताला मिळालेलं नाही.

आपल्या जवळचं उदाहरण हवं तर कोल्हापूर. तिथं फुटबॉल तालमींच्या नावानं चालतो. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार. शाहू स्टेडियमवर सामना असला की अख्खी पेठ उठून जाते. भांडणं होतात, चांगली होतात, पण ती पेठेची असतात. त्याच गावात शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग काढलं, आणि तिथल्या कितीतरी तालमींत मोहरमला पंजे बसतात. २०१८ आणि २०१९ मध्ये गणपती आणि मोहरम एकाच वेळी आले, तेव्हा एका मांडवात दोन्ही बसले. अशाच गावातून रिक्षाचालकाचा पोरगा अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला. त्या वर्षी सरकारनं शाळांना फुटबॉल वाटले होते. आमच्यासारख्या कबड्डी-कुस्तीच्या भागात बऱ्याच पोरांनी हा चेंडू तेव्हाच पहिल्यांदा पायाला लावला.

शनिवारी सकाळी मी बुजुर्गांकडे गेलो आणि हे सगळं थोडक्यात सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, ‘नाव गावाचं ठेवशील. ठीक. पण कडेला उभे राहणारे आपल्या पोरांना आपल्याच नावानं ओळखणार. चुकलं तर त्याच नावानं बोलणार. त्याचं काय करशील?’

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. खोटा दिलासा द्यायचं त्यांचं वय नाही आणि माझंही नाही. मी एवढंच म्हणालो, ‘नाना, रहीमसाहेबांनाही ते नाव चुकलं नव्हतं. पण त्यांनी संघ तेवढाच ठेवला नाही.’ आणि आणखी एक सांगितलं. ज्या मोहम्मेडनचा त्यांना अभिमान आहे, त्या क्लबनं २०२४ मध्ये आय-लीग जिंकली, तेव्हा संघात मिझोरामची पोरं होती आणि प्रशिक्षक रशियन होता. नाव जुनं राहिलं, दार उघडलं. त्यावर ते हसले. ‘म्हणजे अब्बांचं मोहम्मेडन पण आता सगळ्यांचं झालं म्हण.’

फॉर्मवर मी ‘भवानीनगर’ लिहिलं. पोरांना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांना घाई होती, कारण दोघांचे बूट एकच होते आणि कोण कधी घालणार यावर वाद चालू होता.

शनिवारचा सामना जिंकलो. रविवारी दुपारी बरोबरीत सुटला, टाय-ब्रेकरवर हरलो. बीडच्या पोरानं दोन किक अडवल्या. तिसऱ्या वेळी चेंडू त्याच्या हाताखालून गेला आणि तो तिथंच मातीत बसून राहिला. कडेवरून कुणीतरी ओरडलं, ‘ऊसतोड्याला कशाला उभं केलं?’ नाव बदललं, आरोळी तीच. तेवढ्यात आपल्या मुलाण्यांचा पोरगा धावत गेला, त्याला हाताला धरून उठवलं आणि त्या माणसाकडे वळून म्हणाला, ‘आमचा गोलकीपर आहे तो.’

बुजुर्ग माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. काही बोलले नाहीत. परत येताना टेम्पोत त्यांनी गोलकीपरला आपल्या शेजारी बसवलं आणि विचारलं, ‘पुढच्या हंगामाला येणार ना रे?’

पोरगं म्हणालं, ‘उचल घेतली तर येऊ.’