आधी पेटी, मग बेंजो, आता गिटार

"चायनाची गिटार आहे, घेऊ नका." आपल्याकडं सल्ला म्हणून हे एकच वाक्य मिळतं. पोरगं दहावी-बारावीला असतं, मोबाईलवर बघून त्याला इलेक्ट्रिक गिटारचं वेड लागलेलं असतं. बाप बिचारा पाच-सात हजार घेऊन कुणाला तरी विचारतो, आणि ज्याला विचारतो त्यानं आयुष्यात कधी गिटार हातात धरलेली नसते. मला इनबॉक्समध्ये असे प्रश्न येतात (पत्रकाराला सगळंच माहीत असतं हा लोकांचा गोड गैरसमज!). म्हणून जरा वाचलं, वाजवणाऱ्यांशी बोललो. लक्षात आलं की हा प्रश्न आपल्याला काही नवा नाही. बाहेरून आलेलं स्वस्त वाद्य चांगलं की वाईट, हे भांडण आपण दीडशे वर्षं भांडतोय.

सुरुवात पेटीपासून करू. सप्ताहातली, भजनी मंडळातली पेटी. आज तिच्याशिवाय काकड्याची कल्पना करून बघा. पण ही पेटी मूळची पॅरिसची. अलेक्झांडर दबँ नावाच्या माणसानं १८४० च्या सुमारास हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ते वाद्य पायानं भाता मारायचं, खुर्चीवर बसून वाजवायचं. आपण बसणार सतरंजीवर. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ मध्ये भाता मागं घेतला, पाय काढून टाकले, एका हातानं भाता आणि एका हातानं सूर अशी पेटी केली. आत वाजणाऱ्या पितळी पट्ट्या, म्हणजे रीड, पुढंही बरीच वर्षं युरोपातून यायच्या. 'जर्मन रीड' म्हटलं की आजही जुने पेटीवाले कान टवकारतात. नंतर गुजरातेत पालिताण्याला रीड बनायला लागल्या आणि पेटी गोरगरिबांच्या आवाक्यात आली.

मराठी माणसानं पेटीला डोक्यावर घेतलं ते नाटकामुळं. १९११ च्या 'संगीत मानापमान'ला चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः पेटीचे मोठे वादक. आपल्या मराठवाड्यानंही जालन्याकडचे आप्पा जळगावकर दिले, ज्यांची साथ मोठमोठ्या गवयांना हवी असायची.

आणि तरीही १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनं पेटीला बंदी घातली. लायोनेल फील्डन तेव्हा रेडिओचे प्रमुख होते. रेडिओतच पाश्चात्त्य संगीत बघणारे जॉन फोल्ड्स यांनी पेटीविरुद्ध आधीच लिहिलं होतं, रवींद्रनाथ टागोरांचंही पेटीविषयी मत वाईटच. आक्षेप काय? सूर ठोकळेबाज, मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत. ही बंदी १९७१ पर्यंत चालली. एकतीस वर्षं!

आता माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. आक्षेप खरे होते. पेटीतून मींड निघत नाही, हे कुठलाही पेटीवाला मान्य करेल. पण दोष सांगणं वेगळं आणि दार लावून घेणं वेगळं. रेडिओनं दार लावलं, गावानं लावलं नाही. सप्ताहात, तमाशात, शाळेच्या गॅदरिंगला पेटी वाजतच राहिली. गावोगाव ती दुरुस्त करणारे हात तयार झाले. रीड टोकाकडं खरवडली की सूर चढतो, बुडाकडं खरवडली की उतरतो. एवढ्या दोन गोष्टींवर आणि तयार कानावर कितीतरी घरं चालली.

याच काळाच्या जरा आधी जपानमध्ये काय झालं बघा. १८८७ मध्ये हामामात्सु गावच्या शाळेतला अमेरिकन ऑर्गन बिघडला. दुरुस्तीला बोलावलं तोराकुसु यामाहा नावाच्या मेकॅनिकला. त्यानं ऑर्गन उघडला, आतलं समजून घेतलं आणि काही महिन्यांत स्वतःचा एक बनवला. मग तो तपासून घेण्यासाठी कावडीसारखा खांद्यावर टाकून जोडीदारासोबत हाकोनेचा डोंगर ओलांडत टोकियोला निघाला. अंतर साधारण २५० किलोमीटर. तिथल्या संगीत संस्थेनं ऑर्गन तपासला आणि सांगितलं, बांधणी चांगली आहे, पण सूर चुकलेत. एवढं सांगून परत पाठवलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. त्यांनी त्याला ठेवून घेतलं, सुरांचं शास्त्र शिकवलं. पुढची यामाहा कंपनी तुम्हाला माहीत आहेच. आता चेन्नईजवळच्या कारखान्यात ती आपल्याच पोरांच्या हातून गिटारी बनवते.

दोन्हीकडं परीक्षकांनी सुरातलाच दोष काढला होता. फरक पडला तो त्यानंतर काय केलं यात.

आता बेंजो. वरातीत, जयंतीला, गणपतीला जो वाजतो तो. अमेरिकेतला बँजो वेगळा, कातडं ताणलेला. आपला बेंजो म्हणजे जपानी ताइशोगोतो. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये टाइपरायटरच्या बटणांवरून तो काढला. घरात बसून हलकंफुलकं वाजवायचं वाद्य. हिंदुस्थानात त्याचं बुलबुल तरंग झालं, आणि महाराष्ट्रात कुणीतरी त्याला पिकअप बसवून भोंग्याला जोडलं. म्हणजे मंडळी, गिटार यायच्या कितीतरी आधी आपल्या गल्लीत विजेवरचं तारवाद्य वाजत होतं, तेही परदेशी मुळाचं आणि स्वस्तातलं. २०१६ मध्ये रवी जाधवांनी रितेश देशमुखला घेऊन 'बँजो' नावाचा सिनेमा काढला तेव्हा कुठं शहरातल्या लोकांनी त्याच्याकडं वळून पाहिलं. आता तर डीजेनं या पार्ट्यांचं कंबरडंच मोडलंय. त्यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल.

गिटारवर येतो. 'स्वस्तातली नक्कल' ही शिवी आज चीनला देतात, पन्नास वर्षांपूर्वी जपानला देत होते. १९७० च्या दशकात जपानी कारखाने अमेरिकन गिटारींच्या हुबेहूब नकला करायचे. १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीनं आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर खटला भरला. वाद होता गिटारच्या डोक्याच्या आकाराचा. तो कोर्टाबाहेर मिटला. पण नक्कल इतकी चांगली होती की १९८२ मध्ये खुद्द फेंडरनं जपानमध्ये भागीदारी करून गिटारी बनवायला घेतल्या. त्यातल्याच सुरुवातीच्या 'स्क्वायर' आज शौकीन लोक शोधून शोधून, चढ्या भावानं घेतात. पुढं काम कोरियात गेलं, मग इंडोनेशिया आणि चीनमध्ये. कोर्ट ही कोरियन कंपनी इंडोनेशियात स्वतःच्या नावाबरोबर इतर मोठ्या नावांच्याही गिटारी बनवून देते. तेव्हा देशाचं नाव वाचून काही कळत नाही. एकाच छपराखाली चांगलंही बनतं आणि कामचलाऊही. ज्यानं ऑर्डर दिली त्यानं किती पैसे मोजले आणि शेवटच्या तपासणीला किती वेळ दिला, त्यावर ठरतं.

आपल्याकडं ग्राहकोपयोगी मालावरचे आयातीचे शेवटचे संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ ला उठले. त्याआधी बाहेरची गिटार म्हणजे मुंबईची ओळख किंवा गल्फमधला पाहुणा. आता मोबाईलवर बोट दाबलं की गेवराई, माजलगावलाही खोकं येतं. खोकं येतं, पण ते तपासणारा माणूस येत नाही. खरी गोम इथं आहे.

मग बघायचं काय? लाकूड कुठलं, रंग कोणता, यावर फार जाऊ नका. आधी मान बघा. सुतार फळी बघतो तशी एका डोळ्यानं टोकाकडून बघा. किंचित कमान चालते, पण पीळ असेल तर सरळ परत करा. त्यावर स्वस्तातला इलाज नाही. मग मोबाईलवर फुकटचं ट्यूनर घ्या, मोकळी तार सुरात लावा आणि बाराव्या पडद्यावर दाबून वाजवा. तोच सूर वरच्या सप्तकात यायला हवा. थोडा चुकला तर खालच्या स्क्रूनं तार मागंपुढं करून जमतं. मग प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवा. एखाद्याच पडद्यावर तार किणकिणत असेल तर बहुतेक वेळा त्याच्या पुढचा पडदा उचललेला असतो. तारा खराब असतील, उंच असतील, तर घाबरू नका, त्या बदलता येतात. कित्येक पोरं गिटार सोडतात ती बोटं सोलली म्हणून, आणि बोटं सोलतात कारण तारा नीट लावून देणारं कुणी नसतं.

आपल्या हवेचंही एक आहे. एप्रिल-मेमध्ये बीडला पारा चाळीसच्या वर जातो, हवा कोरडी. लाकूड आकसतं आणि पडद्यांची टोकं बाजूनं बाहेर येऊन हाताला ओरखडतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं, मान हलते. पत्र्याच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेली पन्नास हजारांची गिटारही टिकणार नाही. कव्हरमध्ये, आतल्या खोलीत ठेवा.

शेवटचं, आणि हे गिटारवाले, बेंजोवाले, मंडळवाले सगळ्यांनी वाचा. ॲम्प लावल्यावर घुं-घुं आवाज येतो आणि तारांना हात लावला की कमी होतो, असं झालं तर बहुतेक वेळा गिटारच्या तारा आतून अर्थिंगला जोडलेल्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ. बरंच आहे ते. पण घराला किंवा मांडवाला अर्थिंगच नसेल आणि ॲम्पमध्ये बिघाड झाला, तर तोच करंट तारांवाटे वाजवणाऱ्याच्या हातात येतो. दुसऱ्या हातात माईक असला तर आणखी वाईट. आकडा टाकून घेतलेल्या लाईनवर, ओल्या जमिनीवर, अनवाणी पायानं पोरं वाजवतात, हे आपण दर गणपतीत बघतो. ॲम्पच्या तीन पिनांपैकी मोठी पिन तोडून दोन पिनांच्या बोर्डात घुसवू नका. गिटार पाच हजारांची असो की पन्नास हजारांची, आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या.