‘स्नायु’ व ‘पेशी’ : एका अर्थांतराचा विचार

जुन्या भंडारा जिल्ह्यांतील जमीनदाऱ्यांपैकीं चिचगड ही एक. इ. स. १९९९ पासून हें गांव नव्या गोंदिया जिल्ह्यांत, देवरी तालुक्यांत मोडतें. मुलूख डोंगराळ व रानाचा. पीक मुख्यतः धानाचें. पाऊस लागून बांधींत चिखलणी झाली म्हणजे पऱ्हे उपटून रोवणी सुरू होते, आणि रोवणाऱ्या बाया दिवसभर कमरेंत वांकून मागें मागें सरत असतात. संध्याकाळीं त्यांतील एखादी ‘कंबर धरली’ म्हणते. तेंच दुखणें शिकलेला मनुष्य ‘पाठीचे स्नायु दुखतात’ अशा शब्दांत सांगतो. या दुसऱ्या वाक्यांतील ‘स्नायु’ शब्द आम्हांस येथें तपासावयाचा आहे. कारण त्याच्या आधारावर प्राचीनांच्या शारीरज्ञानाविषयीं बरींच विधानें केलीं जातात, आणि त्यांचा पाया कच्चा आहे.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत, पांचव्या अध्यायांत, स्नायु ९००, पेशी ५००, अस्थि ३०० व संधि २१० अशी गणना आहे. नऊशें हा आकडा वाचतांच आजचा मराठी वाचक आकुंचन पावणारे मांसाचे नऊशें भाग असा अर्थ घेतो, आणि अवयव कसे हलतात हें सुश्रुतास ठाऊक होतें असें म्हणून मोकळा होतो. ग्रंथाची साक्ष याच्या उलट आहे. सूत्रस्थानांत व्रण शिवण्यास कोणता दोरा घ्यावा हें सांगतांना शण, क्षौम, केंस, मूर्वा व गुळवेल यांच्या पंक्तीस स्नायु बसविला आहे. कौटिलीय अर्थशास्त्रांत धनुष्याच्या दोरीचीं द्रव्यें दिलीं आहेत. तेथेंही मूर्वा, रुई, शण, वेळू यांबरोबर स्नायु येतो. मांसाच्या गोळ्यानें कोणी जखम शिवीत नाहीं, कीं धनुष्यास दोरी चढवीत नाहीं. तेव्हां स्नायु म्हणजे सांधे बांधणारा व मांस हाडास जोडणारा चिवट, तंतुमय बंध, हाच अर्थ येथें घेतला पाहिजे. फळ्या जोडून पुष्कळ दोऱ्यांनीं आवळलेली नाव जशी पाण्यांत भार वाहूं शकते, तसें स्नायूंनीं बांधलेलें शरीर भार सहन करतें, हा सुश्रुताचा दृष्टांतही दोऱ्यांचाच आहे. (वंगभाषेंत हाच शब्द मज्जातंतूस लावतात, म्हणजे एका संस्कृत शब्दास तीन ठिकाणीं तीन अर्थ!)

यावर एक आक्षेप संभवतो. अस्थि, पेशी, सिरा किंवा संधि यांस इजा झाल्यानें जेवढी हानि होते, त्याहून स्नायूस इजा झाल्यानें अधिक होते, असें सुश्रुतानेंच म्हटलें आहे. मग चलनाचें कारण तोच कां नव्हे? आम्हांस हें वचन शस्त्रवैद्याच्या अनुभवाचें वाटतें. मनगटावरील अथवा टांचेवरील बंध तुटला असतां मांस शाबूत असूनही अवयव निकामी होतो; दोर तुटल्यावर मोट वर येत नाहीं, परंतु म्हणून मोट दोर ओढतो असें होत नाहीं.

मग बैलाची जागा पेशीस दिली आहे काय? पांचशें पेशींपैकीं चारशें हातापायांत, सहासष्ट धडांत व चौतीस मानेच्या वर, इतका तपशील संहितेंत आहे. परंतु त्यांचें कार्य सांगतांना सिरा, स्नायु, अस्थि, संधि हीं पेशींनीं वेष्टित असल्यामुळें बळकट होतात, एवढेंच म्हटलें आहे. ओढण्याचा उल्लेख नाहीं. हालचाल ही व्यानवायूकडे सोंपविली आहे. याचें एक कारण पाहण्याच्या रीतींत असावें. प्रेत पिंजऱ्यांत घालून वाहत्या पाण्यांत सात रात्रीं ठेवावें व मग वाळा, केंस इत्यादींच्या कुंचल्यांनीं थर हळूहळू घांसून पाहावें, अशी ती रीति. तिनें रचना दिसते. सात दिवस कुजलेल्या मांसांत आकुंचन कोठून दिसणार?

वायूचा हा आश्रय एकट्या आपल्याच लोकांनीं घेतला होता असें नाहीं. मज्जातंतूंच्या पोकळींतून सूक्ष्म वायुरूप द्रव्य येऊन मांस फुगवितें, हें मत युरोपांत सतराव्या शतकापर्यंत रूढ होतें. तें डच संशोधक स्वामरडाम यानें बेडकाच्या मांडीवर मोडून काढलें. पेशी बंद नळींत ठेवून तिनें आकुंचन केलें, तेव्हां नळीच्या टोकाचा पाण्याचा थेंब वर चढला नाहीं. अर्थात् पेशीचा आकार बदलतो, आकारमान वाढत नाहीं. इटलींतील बोरेल्लीचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर इ. स. १६८० मध्यें निघूं लागला. पेशी सांध्यापासून अगदीं जवळ जोडलेली असल्यामुळें तिला हातांतील वजनाच्या कित्येक पट ओढ लावावी लागते, हें त्यानें तरफेच्या नियमानें दाखविलें. कोंपर काटकोनांत ठेवून पांच शेर उचलावयाचे तर दंडास त्याच्या सुमारें सात-आठ पट जोर लागतो. इ. स. १७९१ मध्यें गॅल्व्हानीनें विजेनें बेडकाचा पाय हलविल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

बेडकाचा हा योगायोग मौजेचा आहे. कारण दंड आवळला असतां वर येणाऱ्या गोळ्यास आपल्या खेड्यांतून ‘बेडकुळी’ म्हणतात. लॅटिन भाषेंत पेशीचें नांव ‘लहान उंदीर’ या अर्थाच्या शब्दावरून पडलें. पंडितांनीं दोरीचें नांव मांसास दिलें. अडाणी म्हणविणाऱ्या लोकांनीं मात्र कातड्याखालीं कांहीं जिवंत हलतें हें अचूक टिपलें.

तें काय हलतें याचा उलगडा इ. स. १९५४ मध्यें झाला. ए. एफ्. हक्स्ली व नीडरगेर्के यांनीं, आणि एच्. ई. हक्स्ली व जीन हॅन्सन यांनीं स्वतंत्रपणें असें मांडलें कीं, पेशीच्या तंतूंत जाड व बारीक अशा दोन जातींचे धागे असतात आणि आकुंचनाच्या वेळीं त्यांपैकीं कोणताही आंखूड होत नाहीं; बारीक धागे जाड धाग्यांमध्यें सरकतात. (दोघे हक्स्ली एकमेकांचे नातलग नव्हत.) ही रचना जेथें पुनःपुन्हा येते तो एकेक खण मिलिमीटरच्या सुमारें दोन-अडीच सहस्रांश लांबीचा असतो. मज्जातंतूची सूचना आली म्हणजे आंत कॅल्शियम सुटतें, जाड धाग्यांचीं मुंडकीं बारीक धाग्यांस धरून ओढतात, सोडतात व पुढें पुन्हा धरतात. सोडण्यासाठीं ए. टी. पी. नांवाचें द्रव्य लागतें. मरणोत्तर तें संपलें कीं पकड सुटत नाहीं व प्रेत ताठतें. धागे एकमेकांत बेताचे शिरलेले असतां जोर सर्वांत अधिक मिळतो. फार ताणले तर पकडण्यास जागाच उरत नाहीं. पेशी वेगानें आंखूड होतांना जोर कमी, जागच्या जागीं धरून ठेवतांना अधिक, व भारानें ताणली जात असतां विरोध करतांना त्याहूनही अधिक पडतो. म्हणून डोक्यावर ओझें घेऊन उतार उतरतांना दम कमी लागला तरी मांड्या दुसऱ्या दिवशीं अधिक ठणकतात.

आतां रोवणीकडे पाहूं. फ्लॉइड व सिल्व्हर या दोन इंग्रज संशोधकांनीं इ. स. १९५१ व १९५५ मध्यें पाठीच्या पेशींतील विद्युत्प्रवाह टिपून दाखविलें कीं, मनुष्य वांकूं लागला म्हणजे या पेशी धड सांवरून धरतात. पण पुरतें वांकल्यावर त्या बहुतेक शांत होतात व भार कण्याच्या तंतुमय बंधांवर, म्हणजे सुश्रुताच्या स्नायूंवर, जातो. उठूं लागतांच पेशी पुन्हा काम करूं लागतात. नावेच्या दोऱ्यांचा दृष्टांत येथें शब्दशः खरा ठरतो. चिचगडच्या बांधींत दिवसभर कधीं पुरती, कधीं अर्धी वांकणाऱ्या बाईच्या पाठींत हे दोघेही आळीपाळीनें भार घेत असतात. ‘स्नायु दुखतात’ म्हणणाऱ्याने मात्र यांपैकीं कोणाचें नांव घेतलें हें त्याच्या शब्दावरून कळत नाहीं.